गॅरेजच्या दाराच्या नोंदी : १८ जानेवारी ते ९ एप्रिल २०२४

घर पिस्काटवेला, न्यू जर्सीत. बांधकाम १९९६ चं, आम्ही २०१६ च्या ऑगस्टमध्ये घेतलं. दार दोन गाड्यांचं, १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच. साधा पत्रा, चार आडवी पॅनल, आतून काही भरलेलं नाही. मी औषध कंपनीत क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे एक नियम आहे : जे लिहिलं नाही ते झालंच नाही. घरात याची चेष्टा होते, पण वॉशिंग मशीनच्या वेळी अशाच एका वहीने पैसे वाचवले होते. म्हणून ही नवी वही.

१८ जानेवारी, गुरुवार

पहाटे ६:१० ला गॅरेजमधून दाणकन आवाज. माळ्यावरून लोखंडी कपाट सोडावं तसा. नवऱ्याला वाटलं, छतावरचा बर्फ घसरला. मंगळवारीच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात ७०१ दिवसांनी इंचभर बर्फ साठल्याची बातमी होती, त्यामुळे घरात सध्या प्रत्येक आवाजाचं खापर बर्फावर फुटतं. आम्ही वर सगळीकडे पाहून आलो, काही सापडलं नाही.

७:२५ ला ऑफिसला निघताना बटण दाबलं. ओपनर (दार उघडणारी मोटार) कण्हला, दार चारेक इंच उचललं, थांबलं आणि परत खाली आलं. मी परत दाबलं. परत तेच. मग तिसऱ्यांदाही दाबलं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

दाराच्या वरच्या दांडीवर दोन स्प्रिंग आहेत. उजवीकडची मधोमध तुटून तिच्यात दोन बोटांची फट पडली होती. हे सासऱ्यांनी दाखवलं. अण्णा नोव्हेंबरपासून आमच्याकडे आहेत. साताऱ्याला एस.टी.च्या विभागीय कार्यशाळेत त्यांची नोकरी झाली. डोक्याला मफलर गुंडाळून ते खाली आले, एकदा वर पाहिलं आणि म्हणाले, "आगं, ह्यो पाटाच तुटलाय की. मोटारीला कशाला तरास देतीस?"

दोन्ही गाड्या आत. आज घरून काम.

फोटो ५ काढले. फोटो ३ : ओपनरचा दांडा सगळ्यात वरच्या पॅनलला जिथे जोडलाय, तिथे पत्रा किंचित आत वाकल्यासारखा दिसतो. आधीपासून होता की आजचा, माहीत नाही.

त्याच दिवशी, रात्र

दुपारभर वाचलं, माणसांना विचारलं. समजलं ते असं.

दार मोटार उचलत नाही, स्प्रिंग उचलते. दार खाली येताना स्प्रिंगला पीळ बसतो, वर जाताना तोच पीळ केबलमार्फत दाराचं वजन पेलतो. मोटार फक्त ढकलून दिशा देते. म्हणून स्प्रिंग गेली की दाराचं खरं वजन एकदम मोटारीच्या आणि पत्र्याच्या अंगावर येतं.

साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्यांचं धरतात. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. स्प्रिंगच्या मधल्या पट्टीवर जुना स्टिकर सापडला, मे २०१६ चा. म्हणजे आधीच्या मालकाने घर विकण्यापूर्वी बसवलेली. सुमारे २,८०० दिवस, रोज सरासरी ४ फेऱ्या धरल्या तर ११,२०० होतात. बिचारी वेळेवरच गेली. थंडीचं निमित्त झालं एवढंच.

अण्णांनी बाथरूममधला वजनकाटा आणला. ओपनरची लाल दोरी ओढून दार सोडवलं, नवरा आणि मी दोघांनी उचललं, अण्णांनी काटा मध्यभागी सरकवला. ७८ पौंड. "निम्मंच हाय हे," अण्णा म्हणाले. "डावी स्प्रिंग अजून काम करतीया." मला हे सुचलं नसतं.

त्यांना लगेच डावीकडचीही सोडवून बघायची होती, लोखंडी सळई घालून. सपशेल नाही म्हटलं. त्या पिळात दाराचं निम्मं वजन बसलंय आणि सळई हातातून सुटली तर ती कुठे जाईल, ते ती ठरवेल. अण्णा रुसले. जेवताना बोलले नाहीत.

१८ जानेवारी, आणखी एक नोंद (उशिरा लिहितेय)

"सर्व्हिस कॉल फक्त २९ डॉलर" अशी जाहिरात पाहून संध्याकाळी एकाला बोलावलं होतं. ते वरच्या नोंदीत लिहायचं टाळलं, लाज वाटली म्हणून.

तरुण मुलगा, बोलायला गोड. दाराकडे दोन मिनिटं पाहिलं आणि टॅबलेटवर आकडा दाखवला : १,१८० डॉलर. त्यात दोन "लाइफटाइम" स्प्रिंग, दोन केबल, त्या गुंडाळायचे दोन ड्रम, १० रोलर, बेअरिंग, मधली पट्टी. मी विचारलं, ड्रमला काय झालंय? उत्तर आलं, सगळं एकाच वयाचं आहे. तारेची जाडी किती लागेल, विचारलं. त्याने मोजलीच नव्हती. दाराचं वजन किती? "स्टँडर्ड."

मी नाही म्हटल्यावर ८९०. मग त्याने बाहेर जाऊन "मॅनेजर"ला फोन केला आणि ७६० झाले. अण्णांना भाषा कळली नाही, पण भाव कळला. म्हणाले, "कराडच्या बाजारात म्हशीचा भाव असाच उतरतो. तिथं निदान रुमालाखाली बोटं दाबत्यात."

दोन गोष्टी नोंदवण्यासारख्या. एक, "लाइफटाइम" म्हणजे तुटली तर स्प्रिंग फुकट, बसवायची मजुरी दर वेळी वेगळी. वस्तू स्वस्त आणि मजुरी महाग, तेव्हा ही हमी नेमकी कोणाच्या फायद्याची, ते सांगायला नको. दोन, त्याच्या कागदावर नोंदणी क्रमांक नव्हता. न्यू जर्सीत घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराची राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंद लागते आणि तो क्रमांक १३व्हीएच ने सुरू होतो. ५०० डॉलरच्या वरचं काम असेल तर करारही लेखी हवा.

दिले : २९ डॉलर.

१९ जानेवारी, शुक्रवार

बर्फ. कोणी येणार नाही. फोन केले.

तीन ठिकाणी विचारलं. पहिला : दोन स्प्रिंग ३८५. दुसरा : एकच बदलतो, २९०. (एकच का? दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या मारल्यात. सहा महिन्यांनी परत २९०. याला अण्णाही हसले. म्हणजे बोलायला लागले.) तिसरा : आधी त्यानेच मला प्रश्न विचारले. रुंदी, उंची, वजन, शाबूत स्प्रिंगची लांबी, आणि वीस वेटोळी मिळून किती इंच भरतात.

वीस वेटोळी एकत्र मोजायची, कारण एका तारेची जाडी टेपने मोजताना हमखास चूक होते. शिडी लावून वर चढले, हात स्प्रिंगपासून लांब ठेवला आणि फक्त टेप लावली : ४ पूर्णांक १/८ इंच. म्हणजे तार .२०७ इंचाची. टोकाच्या लोखंडी शंकूवर स्प्रिंगचा आतला व्यास २ इंच कोरलेला आहे.

हे सांगितल्यावर त्याचा आवाज बदलला. म्हणाला, दोन्हींचे ३४५. जास्त फेऱ्यांच्या हव्या असतील तर ७० आणखी. उद्या सकाळी.

तोच पक्का केला. माप विचारणारा माणूस मला आवडतो. हे व्यावसायिक विकृतीत मोडतं, माहीत आहे.

२० जानेवारी, शनिवार

बाप-लेकाचं दुकान. बाप साठीचा, लेक शिडी धरायला. ९:०५ ला आले, १०:०० ला गेले.

शाबूत स्प्रिंगचा पीळ त्याने आधी उतरवला. शंकूला चार भोकं असतात. एका भोकात सळई घालून वजन पेलायचं, दुसरी सळई पुढच्या भोकात, मग पहिली काढायची. प्रत्येक वेळी पाव फेरा. सळया दीड फुटी, भोकात घट्ट बसणाऱ्या. स्क्रू ड्रायव्हर घालणाऱ्यांची हाडं मोडतात, हे त्याने स्वतःची वाकडी करंगळी दाखवून सांगितलं. अण्णांनी ते बारकाईने पाहिलं. सळईचा विषय बहुधा संपला.

दोन्ही स्प्रिंग उतरल्यावर अण्णांनी परत काटा सरकवला : १५२. ७८ ची दुप्पट नाही, पण जवळपास. बाप-लेक दोघांनी अण्णांना अंगठा दाखवला. (आपल्याकडचा नव्हे, इकडचा. अण्णा क्षणभर बिचकले.)

जास्त फेऱ्यांची स्प्रिंग म्हणजे काय, तेही आज समजलं. तार जाड घ्यायची आणि स्प्रिंग लांब करायची. जाड तार जास्त जोर लावते, वेटोळी वाढली की तो जोर परत कमी होतो, त्यामुळे दाराला मिळणारा जोर तेवढाच राहतो. पण प्रत्येक वेटोळ्यावर ताण कमी, म्हणून आयुष्य दुपटीच्या पुढे. आमची जुनी .२०७ ची, २३ इंच लांब. नवी .२२५ ची, ३४ इंच. जादूबिदू काही नाही, लोखंड जास्त आहे. ७० डॉलरमध्ये दुप्पट फेऱ्या म्हणजे हिशेब सरळ होता. घेतली.

दोन स्प्रिंग उलट-सुलट पिळाच्या असतात, टोकाला रंग असतो. उजव्या पिळाची लाल, आणि ती आतून पाहताना डावीकडे बसते. याच्यावर अण्णांचा अजून विश्वास नाही.

सात फुटी दाराला साडेसात फेरे, म्हणजे ३० पाव फेरे, दोन्हीकडे. तो मोठ्याने मोजत होता. शेवटी ओपनर न जोडता दार कमरेएवढं उचलून हात सोडले. दार तिथेच थांबलं. वर गेलं नाही, खाली आलं नाही. फार सुंदर दिसतं ते.

बिल : ३४५ + ७० = ४१५, त्यावर ६.६२५ टक्के विक्रीकर २७.४९. एकूण ४४२.४९ डॉलर. इथे दुरुस्तीच्या मजुरीवरही कर लागतो.

नवरा म्हणाला, ५५ मिनिटांचे चारशे? अशा दोन स्प्रिंग ऑनलाइन शंभर-सव्वाशेला दिसतात, ते खरं. उरलेले तीनशे त्याच्या गाडीत भरलेल्या वीस जातींच्या स्प्रिंगचे, विम्याचे, बर्फातल्या शनिवारचे आणि त्या करंगळीचे. मला महाग वाटले नाहीत. १,१८० च्या शेजारी ठेवून बघितल्यामुळेही असेल.

प्रकल्प बंद. (असं लिहिलं होतं. खाली पाहा.)

२१ जानेवारी

गॅरेज दाराचा वंगणाचा फवारा, ९.८७. रोलर आणि बिजागऱ्यांना. रुळांना लावायचं नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

दार उघडताना वरून करकर. शिडी लावून पाहिलं. वरच्या पॅनलमध्ये ओपनरच्या जोडापासून दोन्हीकडे वीतभर चीर गेलीय. पत्रा दुमडून दुमडून फाटतो तशी.

फोटो ३ काढून पाहिला. वाक तिथेच आहे. १८ तारखेला मीच टिपला, मीच विसरले. स्प्रिंग तुटली असताना तीनदा बटण दाबलं तेव्हा मोटारीने दाराचं निम्मं वजन त्या एका बिंदूवर ओढलं होतं. आमच्या वरच्या पॅनलला आडवा पोलादी कणाही नाही. सोळा फुटी दाराला तो असायला हवा.

ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मी त्याला अहवाल लिहायला लावला असता : निरीक्षण नोंदवलं, कार्यवाही नाही.

दार हातानेच उघडायचं ठरवलं. नव्या स्प्रिंग असल्यामुळे एका हाताने उचलतं. तेवढंच समाधान.

४ फेब्रुवारी, रविवार

बाप-लेकाला फोन. मी विचारलं, त्या दिवशी वाक दिसला नव्हता का? बाप म्हणाला, दिसला होता. तुम्ही स्प्रिंग बदला म्हणालात. खरंय, मी दार तपासा म्हटलं नव्हतं.

राग आला. मग लक्षात आलं, जाड तारेचा वगैरे हिशेब आम्ही दोघं इतक्या आनंदाने करत होतो की कोणी वर पाहिलंच नाही. तरीही, सांगायला हवं होतं त्याने. दोन्ही वाक्यं वहीत राहू देत.

७ फेब्रुवारी, बुधवार

पॅनल एकटं मिळतं का? मिळायला हवं. चार सुटी पॅनल बिजागऱ्यांनी जोडलेली असतात, प्रत्येक २१ इंची. पण आमच्या दाराची नक्षी बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच बंद केली. जवळपासची नक्षी मागवली तर पॅनल आणि बसवणं मिळून ६४० डॉलर. वर नवा पांढरा, खाली २८ वर्षांचा पिवळट पांढरा. ठिगळ.

तिसरा पर्याय : चिरेवर पोलादी पट्टी आणि आडवा कणा, १९५ डॉलर. दोन-तीन वर्षं ढकलता येईल म्हणतात. नवरा याच्या बाजूचा. अण्णाही, कारण एस.टी.त काही फेकून देत नाहीत.

मी अजून ठरवलेलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

नव्या दाराचे भाव घेतले, तिन्ही बसवून आणि जुनं उचलून नेऊन. मापं तीच, १६ बाय ७.

एकेरी पत्रा, आत काही नाही : १,३९०. दोन पत्र्यांच्या मध्ये थर्माकोलसारखं भरलेलं, आर-९ (हा आकडा जितका मोठा, तितकी थंडी जास्त अडते) : २,२६०. दोन पत्र्यांच्या मध्ये फुगवलेला पॉलियुरेथेन, आर-१८ : ३,१५०. वर खिडक्यांची ओळ हवी असेल तर ४८० आणखी. लाकडी दाराचा भाव विचारलाच नाही. शेजारच्या गल्लीत एक आहे, त्याला दर दोन वर्षांनी पॉलिश करताना घरमालक दिसतो आणि तो कधी हसताना दिसत नाही.

पत्र्याच्या जाडीचा आकडा उलटा असतो, हे लक्षात ठेवायचं : २४ गेज जाड, २८ गेज पातळ. एका दुकानात २८ गेजचं दार "हेवी ड्यूटी" म्हणून दाखवलं. मी गेज विचारल्यावर त्याने पुस्तिका शोधायला बराच वेळ घेतला.

आर आकड्याचं काय करायचं? गॅरेज तापवत नाही आपण, मग कशाला पैसे, असा नवऱ्याचा मुद्दा. बरोबर आहे, पण वर लेकीची खोली आहे. तिच्या खोलीची जमीन जानेवारीत इतकी गार असते की ती मोजे घालून झोपते. थर्मामीटर ठेवला : रात्री ११ ला बाहेर २८ फॅरेनहाइट, गॅरेजमध्ये ३६.

फ्रीमाँटच्या ताईशी बोलणं झालं. तिने गेल्या वर्षी ओपनर बदलला तर बॅटरीवालाच घ्यावा लागला, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कायदा आहे. २०१७ च्या वणव्यांत वीज गेली आणि काही जणांना गॅरेजचं दारच उघडता आलं नाही, त्यातून तो आला. आमच्याकडे तसं बंधन नाही. शिवाय तिच्या वसाहतीत संघटनेची परवानगी घेतल्याशिवाय दाराचा रंगही बदलता येत नाही. त्या बाबतीत आम्ही मोकळे.

११ फेब्रुवारी, रविवार

ठरलं : बाप-लेकाकडून, २,२६० वालं. ३,१५० चं नाही, कारण दाराच्या कडांमधून वारा येतोच. आर-१८ हा पॅनलच्या पोटाचा आकडा आहे, १६ फुटी फटींचा नाही. १९५ ची पट्टी नाही, कारण दोन वर्षांनी परत हीच वही काढायची माझी तयारी नाही. खिडक्या नाहीत.

मग प्रश्न आला तो स्प्रिंगचा. तीन आठवड्यांच्या आहेत. त्याच वापरायच्या आणि दाराचा भाव कमी करायचा, असं मी म्हटलं.

बाप म्हणाला, नव्या दाराचं वजन १८६ पौंड. या स्प्रिंग १५२ साठी मोजून घेतल्यात. लावल्या तर दार ३४ पौंड जड लागेल, तो भार रोज मोटार ओढेल आणि पुढची चीर नव्या पॅनलला पडेल. स्प्रिंग दाराच्या वजनाचीच हवी, तेवढ्यासाठीच आपण मोजलं ना?

आपण मोजलं ना. हो.

म्हणजे मी काढलेली प्रत्येक गोष्ट बरोबर होती. वजन, वीस वेटोळी, फेऱ्यांचा हिशेब. फक्त ते सगळं जाणाऱ्या दाराचं होतं.

१७ फेब्रुवारी, शनिवार

करार. लेखी, नोंदणी क्रमांकासह, आणि तीन कामाच्या दिवसांत रद्द करता येईल ही ओळ ठळक अक्षरात. भाव २,१६०. शंभर त्याने न मागता कमी केले. "वाक दिसला होता," एवढंच म्हणाला. त्याच्यावरचा रागही शंभरने कमी झाला.

एसटी-८ नावाचा एक फॉर्म भरून दिला. (अण्णा : "एस.टी. हितं पण हाय?") अख्खं दार नवीन बसवणं ही घरातली कायमची सुधारणा धरतात, त्यामुळे मला वेगळा विक्रीकर लागत नाही. कच्च्या मालावरचा तो भरतो. म्हणजे ४१५ च्या दुरुस्तीवर कर लागला आणि २,१६० च्या दारावर बिलात नाही. विचित्र आहे, पण तक्रार नाही.

अर्धे आगाऊ, १,०८०. दार यायला चार आठवडे.

२ मार्च

चौकशी केली. येईल म्हणाले.

१६ मार्च, शनिवार

८:३० ते १२:४५. बाप, लेक आणि आणखी एक मुलगा.

जुनं दार उतरवताना प्रत्येक पॅनल वरून खाली सुटं केलं. चिरेचं पॅनल हातात घेऊन पाहिलं. फाटलेल्या कडेला आतून गंज होता, म्हणजे चीर जानेवारीच्याही आधी सुरू झालेली असणार. हे नोंदवताना जरा बरं वाटतंय. फक्त माझी तीन बटणं कारण नव्हती.

नवे रूळ, नवे नायलॉन रोलर, वर पूर्ण १६ फुटी पोलादी कणा. खालची रबरी पट्टी जमिनीला टेकते तिथे उजव्या कोपऱ्यात बोटभर फट होती, कारण काँक्रीट तिथे खचलंय. बापाने रूळ थोडा सरकवून ती अर्धी केली. उरलेली अर्धी घराची, म्हणाला.

ओपनर जुनाच ठेवला, १९९९ चा साखळीवाला. बदलला असता तर पट्ट्यावरचा ४२० ला बसत होता. आवाज करतो, पण स्प्रिंग वजनाची असली की त्याला काम फार नसतं. आणि तो १९९३ नंतरचा असल्यामुळे दाराच्या खाली दोन्हीकडे डोळे आहेत, म्हणजे मध्ये काही आलं की बंद होणारं दार परत वर पाठवणारे सेन्सर. त्या वर्षापासून इथे घरगुती ओपनरला ते लागतातच. जमिनीपासून सहा इंचांच्या वर नकोत. आमचा डावा डोळा साडेसातवर होता! कोणी केव्हा चढवला कोण जाणे. खाली घेतला.

मग लाकडाचा दोन-बाय-चारचा तुकडा दाराखाली आडवा टाकून दार खाली सोडलं. दार टेकलं आणि परत वर गेलं. तीनदा करून घेतलं. लेक मनातल्या मनात हसत होता.

दिले : उरलेले १,०८०. पोरांना ४० वेगळे, आणि थालीपीठ. बापाने दोन खाल्ली, "हा कुठला पॅनकेक" विचारलं.

रात्री ११ ला थर्मामीटर : बाहेर ४६, गॅरेजमध्ये ५५. फेब्रुवारीतल्या आकड्याशी तुलना करता येत नाही. पुढच्या जानेवारीत २८ ची रात्र येईल तेव्हा परत मोजायचं.

५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी १०:२३ ला भूकंप. खरोखरचा, ४.८ चा, न्यू जर्सीतलाच. मी मीटिंगमध्ये, टेबल हललं. घरी अण्णा एकटे. फोन केला तर शांत. "कोयनेचा बघितलाय मी, सदुसष्टचा. ह्यो म्हंजी एस.टी. सुरू केल्यागत हुता." मग म्हणाले, दार बघून आलोय, रूळ सरळ हायेत, डोळे लागत्यात.

संध्याकाळी मी परत तपासलं. रूळ सरळ, डोळे लागतायत.

७ एप्रिल, रविवार

हिशेब. पहिला सर्व्हिस कॉल २९. स्प्रिंग ४४२.४९. वंगण ९.८७. दार २,१६०. पोरं ४०. एकूण २,६८१.३६ डॉलर. पहिल्याच दिवशी पूर्ण दार बघायला लावलं असतं, तर स्प्रिंगचे चारशे बेचाळीस आणि ते एकोणतीस वाचले असते, पण दाराचे शंभर कमी झाले नसते. म्हणजे शिकवणी ३७१.४९ ची.

नवऱ्याने घरदुरुस्तीच्या एका मासिकाचा यंदाचा अहवाल पाठवला. त्यात १६ बाय ७ च्या दाराची देशभरातली सरासरी ४,५१३ डॉलर, आणि घर विकताना त्याचे ८,७५१ मिळतात, १९३.९ टक्के. त्याला आनंद झाला. मला एवढंच दिसतंय की आदल्या वर्षी त्याच अहवालात हा आकडा १०२.७ टक्के होता. दार वर्षभरात एवढं सुधारलं नसावं. आणि घर विकायचं कोणाला आहे?

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

गुढी गॅरेजच्या शेजारी, पुढच्या दाराच्या कठड्याला. कडुलिंब इंडियन स्टोअरमधून, पाकिटातला.

उरलेलं काम : दुसऱ्या गाडीचा रिमोट जुळवायचा आहे.

आणि जुन्या स्प्रिंग. म्हणजे जानेवारीतल्या नव्या. बाप-लेकाने त्या मार्चमध्ये कोपऱ्यात ठेवल्या होत्या, मला वाटलं भंगारात गेल्या. अण्णांचं विमान २० तारखेला आहे आणि त्या दोन्ही त्यांनी न्यायच्या ठरवल्यात. गावाकडे शेडला फाटक करायचंय, त्याला लावणार. किती वजनाचं फाटक, विचारलं. म्हणाले, "स्प्रिंग तयार हाय, फाटक तिच्या वजनाचं करू."

बाथरूमचा काटा परत बाहेर आलाय. जोडी २६ पौंड. एक स्प्रिंग ३४ इंच, बॅगेत सरळ बसत नाही, तिरकी बसते. ज्या बॅगेत तिरकी बसते, तिच्यात लेकीच्या आजीसाठी घेतलेली कढई आधीच आहे.